वर्गात वाचनाला मदत करायला जाणाऱ्या पालकाने नेमकं काय करायचं?

मुख्य काम ऐकण्याचं. शिक्षकांना प्रत्येक मुलाचं वाचन रोज निवांत ऐकणं जमत नाही, तिथे पालक उपयोगी पडतात. मूल शब्दापाशी अडलं की लगेच सांगून टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बरीच मुलं तेवढ्यात स्वतःच जुळवतात. नाहीच जमलं तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवा, मग शब्द सांगून पुढे चला. अर्थ न बदलणाऱ्या बारीक चुका मी तरी सोडून देईन. मध्येच ‘आता पुढे काय होईल?’ विचारलं की मूल समजून वाचतंय की नुसती अक्षरं जोडतंय, ते कळतं. कुठे अडलं ते शिक्षकांना सांगा, फाटकाशी उभ्या इतर पालकांना मुळीच नाही. आणि शक्यतो स्वतःचं मूल घेऊन बसू नका. तिथे आपला संयम फार लवकर संपतो!