वीज-गॅसचे दर भडकले तर सरकारने दर कमी करावेत की लोकांना थेट पैसे द्यावेत?

थेट पैसे द्यावेत, आणि गरजू घरांना आधी. दर दाबून ठेवले की सवलत युनिटमागे मिळते. म्हणजे जो जास्त वीज जाळतो, त्यालाच जास्त सरकारी पैसा. चार एसी चालवणारं घर दोन दिवे आणि एका पंख्यावर भागवणाऱ्या कुटुंबापेक्षा कितीतरी अधिक सवलत घेऊन जातं. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. शिवाय ऐन टंचाईत वापर आवरायचं कारणच उरत नाही. जर्मनीने २०२३ मध्ये मधला मार्ग काढला: घरांच्या अंदाजित वार्षिक गॅसवापराच्या ८० टक्के भागाला किलोवॉट-तासामागे १२ सेंट असा दर बांधून दिला, उरलेला गॅस कराराच्या पूर्ण दराने. त्यामुळे आधार मिळाला आणि बचतीचा फायदाही पूर्ण राहिला.

मात्र थेट मदत लाभार्थ्यांच्या यादीइतकीच चांगली असते. मीटर घरमालकाच्या नावावर असलेले भाडेकरू अशा यादीतून अनेकदा वगळले जातात. यादी धड नसेल, तर पहिली काही युनिटं सगळ्यांनाच स्वस्त देणं जास्त सुरक्षित.