फॅशन मासिकांसारखा जाड-बारीक रेघांचा फॉन्ट लहान आकारात वाचता का येत नाही?

कारण तो लहान अक्षरांसाठी काढलेलाच नसतो. मासिकांच्या मुखपृष्ठावरची ती अक्षरं बहुतेक वेळा दिदो किंवा बोदोनी घराण्यातली असतात. १८व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला फिरमँ दिदो आणि इटलीतल्या पार्मात जांबात्तिस्ता बोदोनी यांनी उभ्या रेघा ठसठशीत ठेवून आडव्या केसासारख्या बारीक केल्या. सगळा डौल त्या फरकात आहे.

कॅपिटल ‘एच’ बघा. दोन भक्कम खांब, मधली रेघ जेमतेम दिसेल इतकी. ७२ पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) काय देखणा दिसतो! तोच ९ पॉइंटला आणा, रेघ गायब आणि उरतात नुसते दोन दांडे. काळ्यावर पांढरी अक्षरं छापली तर शाई पसरून ती बारीक रेघ बुजते, ते वेगळंच.

म्हणूनच फॉन्ट रेखाटणारे जोनाथन हॉफलर यांनी ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी केलेल्या दिदोत लहान-मोठ्या आकारांसाठी ७ वेगवेगळी रेखाटनं आहेत. ते खरं कौशल्याचं काम.

तुम्हाला असा फॉन्ट मोफत हवा असेल तर प्लेफेअर डिस्प्ले घ्या, पण शीर्षकापुरताच. मजकुराला जाड-बारीक रेघांत कमी फरक असलेला साधा सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला फॉन्ट) लावा, आणि शीर्षकाभोवती भरपूर जागा मोकळी सोडा.