कारचं इंजिन घरी बनवलेल्या विमानाला चालतं का?

चालतं, आणि हे काही नवं नाही. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड पिटेनपोल या माणसाने फोर्ड मॉडेल ए चं इंजिन लावून एअर कॅम्पर नावाचं स्वतः बनवलेलं विमान उडवलं होतं, जेमतेम ४० हॉर्सपॉवर. नंतर फोक्सवॅगन बीटल आणि शेवरोले कॉर्वेअर या कारची इंजिनं फेमस झाली कारण दोन्ही एअर कूल्ड (हवेने थंड होणारी), म्हणजे रेडिएटरचं झंझट नाही, आणि पंखा (प्रोपेलर) थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, लावता येतो. पण कॉर्वेअरचे क्रँक तुटायला लागले, मग लोकांनी पुढे एक जादा बेअरिंग बसवलं.

खरी गोम आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेरे यात आहे. आजकालच्या कारचं इंजिन पूर्ण ताकद ५-६ हजारला देतं आणि पंखा तेवढा फिरवला तर टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात, नुसता गोंगाट, जोर कमी. म्हणून मध्ये फेरे कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स किंवा बेल्ट लागतो, वजन वाढतं आणि टॉर्शनल व्हायब्रेशन (दांड्याला पीळ देणारी थरथर) सुरू होतं, माझ्या मते जुगाड इथेच फसतो. शिवाय कार हायवेला एक चतुर्थांश ताकदीवर आरामात पळते, विमानात तासन्‌तास पाऊण ताकद लागते, त्यामुळे कूलिंग आधी बघा. आणि इग्निशन (ठिणगी देणारी यंत्रणा) डबल ठेवा, वर साइडला घ्यायला जागा नसते राव!