सोल्डरिंगशिवाय पिकअप बदलता येईल?

प्रश्न: इलेक्ट्रिक गिटारमध्ये वेगवेगळे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांची कंपनं टिपणारे भाग) लावून ऐकायचे आहेत. दर वेळी सोल्डरिंग टाळता येईल का?

उत्तर: नक्की. एकदाच सोल्डरिंग करून तीन खणांचं छोटं स्क्रू टर्मिनल बसवा: पहिल्या खणातून तार स्विचकडे, दुसऱ्यातून पॉटच्या (नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर, तिसरा मोकळा. सेमूर डंकनच्या चार तारांच्या हंबकरची काळी पहिल्यात, हिरवी आणि उघडी तार दुसऱ्यात, लाल-पांढरी मिळून तिसऱ्यात. इतर कंपन्यांचे रंग वेगळे, तक्ता आधी पाहाच.

उघड्या तारेचा एक केसही काळीला टेकला की आवाज गप्प! उघड्या तारेवर हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवा. टोकांना कथिल मात्र लावू नका. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, पकड सैल होते आणि खरखर सुरू होते. त्याऐवजी फेरूल (तारेच्या टोकावरची छोटी धातूची नळी) दाबून बसवा.