नॅशनल पार्कचे फोटो काढायला निघालात? आधी हे वाचा

लेन्सचं नंतर बघू. आधी छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यांचे १८७१ मधले अमेरिकेतल्या यलोस्टोनचे फोटो बघा. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर ते तिथे गेले होते, अवजड कॅमेरे आणि काचेच्या प्लेट्स खेचरावर लादून. तिथल्या उसळत्या गरम झऱ्यांच्या गोष्टी तोवर अनेकांना थापा वाटायच्या. ते फोटो अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी पाहिले आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. अर्थात एकट्या फोटोंमुळे नाही, पण पुरावा म्हणून त्यांचं वजन मोठं होतं.

तुमचा फोटोही पुरावा ठरू शकतो. जागा, तारीख, कॅमेऱ्याची दिशा नोंदवून ठेवा आणि दरवर्षी त्याच ठिकाणाहून एक फ्रेम घ्या. हिमनदी किती मागे सरकली, झाडी कुठे विरळ झाली, हे अशा जोडफोटोंत स्पष्ट दिसतं. मला तर शंभर सूर्यास्तांपेक्षा हे काम मोलाचं वाटतं.

नाजूक जागेचं नेमकं लोकेशन मात्र जाहीर करू नका, गर्दी लोटते. चांगल्या कोनासाठीही पायवाट सोडू नका. वाळवंटी भागात मातीवर सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो, एका पावलाने मोडलेला तो थर सावरायला कित्येक वर्षं लागतात.

ट्रायपॉड, फिल्टर, पहाटेचा प्रकाश हे सरावाने जमेल. पहिले फोटो काढलेत की नोंदींसकट दाखवा.