चालणं सोडू नका, पण तेलाचा डबा बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ५६, पाळी जाऊन चार वर्षं झाली, वजन ७८ किलो, आणि थोरल्या बहिणीला गेल्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून रोज पाऊण तास चालताय, तरी काटा जेमतेम किलोभर हललाय. पाळीच गेली तर हार्मोन्स येतात कुठून, आणि वजन उतरवून खरंच काही फरक पडतो का, असं विचारलंत.

हाच पहिला प्रश्न मी माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारला होता. माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ५८व्या वर्षी झालं, त्यानंतर पाच वर्षं लेट्रोझोलची गोळी चालली. ती इस्ट्रोजेन अडवते, म्हणजे ज्या बायकी हार्मोनवर स्तनाचे बरेच कॅन्सर पोसतात ते. पण पाळी जाऊन आठ वर्षं झाली, आता इस्ट्रोजेन अडवायची गोळी कशाला? बाईंनी स्वतःच्याच दंडाचं मांस चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "आता ते इथे बनतं."

अंडाशयांचं काम थांबलं तरी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी थोडे थोडे पुरुषी हार्मोन्स सोडत राहतात. चरबीत ॲरोमाटेझ नावाचं एन्झाइम असतं, ते त्यांचंच इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेनही जास्त. लेट्रोझोल हेच एन्झाइम अडवते. शिवाय लिव्हर एसएचबीजी नावाचं एक प्रथिन बनवतं, ते इस्ट्रोजेनला बांधून ठेवतं. वजनाबरोबर इन्सुलिन वाढलं की हे प्रथिन घटतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. स्तनाच्या पेशींवर काम करतं ते मोकळंच.

आता वजनाचं. अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ४३९ बायकांवर वर्षभर प्रयोग केला, तो २०१२ साली छापून आला. एका गटाने फक्त आहार कमी केला, एकाने फक्त व्यायाम (आठवड्यातले पाच दिवस ४५ मिनिटं, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकाच), एकाने दोन्ही आणि एकाने काहीच नाही. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी २.४ टक्के उतरलं, आहारवाल्यांचं ८.५ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं १०.८ टक्के. रक्तातलं इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा सगळ्यांत जोरकस प्रकार, याच क्रमाने सुमारे ५, १६ आणि २० टक्के घटलं. म्हणजे काटा हलत नाही यात तुमची कसूर नाही. नुसत्या चालण्याने एवढंच होतं.

म्हणून स्वयंपाकघरात शिरा. मी तेच केलं. आम्ही घरात दोघंच, आणि पाच लिटरचा तेलाचा डबा सहा आठवड्यांत संपायचा. एकदा हिशोब मांडला तर माणशी रोज ६० मिली, जवळपास ५०० कॅलरी नुसत्या तेलाच्या! तळण आमच्याकडे फारसं नव्हतंच. फोडणीला कढईत डब्यातून थेट धार धरायची सवय होती. मग फोडणीच्या डब्यात छोटा चमचा ठेवला, भाजीला दोन चमचे, आमटीला एक. डबा तीन महिने पुरायला लागला. भाताची वाटी एकच ठेवली, दुपारच्या चहाबरोबरचं फरसाण बंद केलं. ८१ वरून ७२ वर यायला मला चौदा महिने लागले.

तुम्हाला ७८ वरून आठ किलो उतरवायचेत, म्हणजे दहा टक्के. वर्ष घ्या. त्याहून कमी उतरलं तरी वाया जात नाही. १,८०,००० बायकांचा २०२० सालचा एक मोठा अभ्यास आहे, त्यात पन्नाशीनंतर दोन ते साडेचार किलो उतरवून ते टिकवणाऱ्यांतही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वजन स्थिर असलेल्यांपेक्षा १३ टक्के कमी दिसला. नऊ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत २६ टक्के. टिकवायला तुमचं चालणं कामी येईल, म्हणून ते सोडू नका.

मात्र सिॲटलच्या प्रयोगात हार्मोन्स मोजले होते, कॅन्सर नाही. आणि दुसऱ्या अभ्यासात बायकांवर नुसती नजर ठेवली होती. धोका कमी होणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे. सडपातळ बायकांनाही हा आजार होतो, माझ्या शेजारच्या खाटेवर तशीच एक होती. लॅबमध्ये इस्ट्रोजेन तपासून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्या आकड्यावरून तुमचा धोका कळत नाही. आणि हे सगळं तुमच्या मुलीला जसंच्या तसं लावू नका. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयांतून येतं, तिथे वजनाचं गणित वेगळं आहे.

तपासणी वजन उतरेपर्यंत लांबवू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तुमची तर सख्खी बहीण आहे, तेव्हा या महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. तिचा बायॉप्सी रिपोर्ट सोबत न्या, कॅन्सर कळला तेव्हा तिचं वय काय होतं ते सांगा, आणि तिची जनुक चाचणी झाली आहे का तेही विचारून जा. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधी आणि किती वेळा, हे त्यावरून ठरेल.