दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवण्याचे हातातले छोटे यंत्र) किंवा मोबाइलवरील मतदानाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, मात्र तो यंत्रापेक्षा प्रश्नावर अवलंबून असतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी 1991 च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर नोंदवतात, आणि साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा मत देतात.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या: सीताबर्डीहून खापरीकडे सरळ मार्गावर समान वेगाने धावणाऱ्या मेट्रोत चेंडू सरळ वर उडवला, तर तो हातात पडेल, मागे की पुढे? तो हातातच पडतो, पण ‘मागे’ म्हणणारे पुष्कळ निघतात, आणि एरवी मागच्या बाकांवर गप्प बसणाऱ्यांचा हा गैरसमज शिक्षकाला परीक्षेनंतर नव्हे, त्याच तासात दिसतो, हे मला फार मोलाचे वाटते.

पहिल्या फेरीचा आलेख मात्र चर्चेपूर्वी पडद्यावर दाखवू नका, कारण मुले विचार सोडून बहुमताकडे झुकतात. केवळ हजेरीसाठी ही साधने वापरणे तर व्यर्थच. सभागृहात नेटवर्क मिळत नसेल, तर अ, ब, क, ड यांसाठी चार रंगांची पुठ्ठ्याची कार्डे वाटा. नेमकी टक्केवारी मिळणार नाही, पण चर्चा तितकीच रंगेल.